तणमोराचा हंगाम आणि आपली खरिपाची कामे



मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. बियाणे, खते यांची जुळवाजुळव चालू असेल. आज मात्र पिकाविषयी बोलायचे नाही. पाऊस पडला की माळावर येणाऱ्या एका पाहुण्याविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव तणमोर. गुजरात, राजस्थान, माळव्याकडे त्याला खरमोर म्हणतात. आपल्याकडे अकोला, वाशीम भागात अलीकडच्या वर्षांतही तो दिसलेला आहे.

तणमोर असतो साधारण कोंबडीएवढा, पण मान आणि पाय लांब. विणीच्या दिवसांत नर काळाभोर होतो, पंखांवर पांढरे दिसते आणि डोक्यामागे फितीसारखी वर वळलेली पिसे येतात. मादी मातकट रंगाची. ती गवतात बसली तर चार पावलांवरूनही ओळखू येत नाही.

या पक्ष्याचे सगळे वागणे पावसाच्या वेळेवर चालते. पाऊस होऊन गवत वाढले की नर आपली जागा धरतो आणि तिथल्या तिथे उड्या मारू लागतो. गवताच्या वर पुरुषभर उंच उडायचे, पंख फडफडवायचे, पुन्हा खाली यायचे. दिवसाला पाचशेच्या वर उड्या मोजलेल्या आहेत! सकाळी आणि दिवस कलताना जोर जास्त, ढगाळ असेल तर दुपारीही. उंच गवतात बसलेल्या मादीला आपण कुठे आहोत हे कळावे, म्हणून ही धडपड. पाऊस लांबला तर उड्याही लांबतात. दुष्काळ पडला तर वीण जवळजवळ होतच नाही.

पण मादीला दिसतो तो माणसालाही दिसतो. इंग्रजी अमलात शिकारी लोक नेमके याच दिवसांत बंदुका घेऊन माळावर निघत. एरवी न सापडणारा पक्षी उडी मारून स्वतःच आपली जागा दाखवी.

आता तुम्ही म्हणाल, विणीच्या दिवसांत शिकार दुसरीकडे होत नाही का? होते. अमेरिकेत वसंत ऋतूत रानटी टर्कीच्या नराची शिकार परवान्याने करतात. पण तिथे हा पक्षी लाखांनी आहे. माद्यांचा जोडा केव्हा जमतो, त्या अंड्यांवर केव्हा बसतात, हे पाहून हंगामाच्या तारखा ठरवतात. आपला तणमोर उरला आहे काही शेकड्यांत. 2021 साली त्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे, पकडणे, त्याची अंडी उचलणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि वर दंड.

मग आता धोका कशाचा? बंदूक गेली, पण माळही गेले. कुरणे नांगरली गेली, तेव्हा मादी सोयाबीन, मूग, उडदाच्या शेतातही घरटे करू लागली. घरटे म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा, त्यात तीन-चार अंडी. सुमारे तीन आठवडे ती एकटीच उबवते, नर मदतीला नसतो. आणि आपली डवरणी, निंदण, फवारणी याच दिवसांत येते. म्हणून आपल्या हाती काय आहे, ते सांगतो.

1. फुलोऱ्यावर कापलेले गवत सकस असते, हे खरे. तेव्हा सगळे कुरण राखा असे म्हणणे नाही. मधला एखादा पट्टा दसऱ्यापर्यंत उभा ठेवा. गुरेही तोवर दुसऱ्या बाजूला चारा.

2. निंदताना घरटे दिसले तर हात लावू नका. भोवतालची चार-पाच पावले जागा सोडून पुढे चला. खूण करायची तर लांबवर काठी रोवा. घरट्यापाशी रोवली तर कावळ्याला आणि कुत्र्याला तीच खूण होते.

3. तणमोर नाकतोडे, भुंगेरे, अळ्या खातो. कीड किती आहे हे पाहूनच औषध मारा. घरट्याच्या जागेवर मारू नका.

4. सावन, भादव्यात कुत्री माळावर मोकळी सोडू नका.

5. नर नाचताना दिसला तर मोबाईलवर टिपायला जवळ धावू नका. तो जागा सोडून जातो. जागा ध्यानात ठेवून वनरक्षकाला सांगा. चारचौघांत बोभाटा नको. मध्य प्रदेशात अशी खबर देऊन पक्षी राखणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारने बक्षिसे दिली आहेत.

मंडळी, यात खर्च काही नाही. पट्टाभर गवत उशिरा कापायचे आणि चार पावले जागा सोडायची, एवढेच. वर्षातून दोन-तीन महिनेच या पक्ष्याचा संसार चालतो. एक हंगाम चुकला तर त्या मादीचे ते वर्ष वाया जाते, आणि इतक्या थोड्या पक्ष्यांत एक वर्षही फार मोठे असते. आपल्या शिवारात तो आला, तर यंदा त्याला सांभाळा.