आवाज ठेवायचा कुठे?

प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची हे आपल्या घरात ठरलेले असते. दागिने कपाटात, जमिनीचे कागद ट्रंकेत, लोणचे बरणीत. आवाज कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र आपल्या आजोबांना कधी पडला नाही. माणसाबरोबर त्याचा आवाजही जात असे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट आणली आणि हा नियम बदलला. पुढे आखातातून सुटीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात टू-इन-वन हमखास असे. आमच्या मिरजेतही तो घरोघर पोचला आणि ज्यांचा आवाज कधी कुणी टिपला नसता, अशा माणसांचे आवाज प्लास्टिकच्या डबीत येऊन बसले.

आमच्या घरी अशा सव्वाशे कॅसेट आहेत. वडिलांना ध्वनिमुद्रणाचा नाद होता. उरुसातल्या गाण्याच्या रात्री, गावोगावची कविसंमेलने, आणि सर्वांत मोलाची म्हणजे लग्नघरात आई आणि मावशा ढोलकीवर म्हणत ती हळदीची गाणी, अर्धी दखनी आणि अर्धी मराठी. त्यांतली बहुतेक गाणी कुठे छापलेली नाहीत. ती म्हणणाऱ्यांपैकी आज एकच मावशी हयात आहे. धाकटी बहीण पुण्यात, मुलगी दोह्यात, पुतण्या बेंगळुरूत. प्रत्येकाला ती गाणी ऐकायची आहेत, आणि कॅसेट तर एकाच घरातल्या एकाच फडताळात.

मी बी. ए.ला मराठी घेतलेला माणूस. संगणकाचे शिक्षण माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न अंगावर आला तेव्हा तो समजून घ्यावा लागला. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो, कारण थोड्याफार फरकाने तो प्रत्येक घराचा प्रश्न आहे. कुणाकडे कॅसेट असतील, कुणाकडे लग्नाच्या व्हिडिओ फिती, कुणाकडे मोबाइलमधले हजारो फोटो.

पहिला उपाय कुणीही सुचवतो : टाका यूट्यूबवर, मोकळे व्हा. मी तसे घरात बोललो तेव्हा बहीण म्हणाली, "भाई, ती गाणी बायकांनी बायकांत म्हटलेली आहेत. त्यांनी ती गावाला ऐकवायला म्हटली नव्हती." मला तिचे पटले. आवाज जपणे आणि आवाज चव्हाट्यावर मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय दुसऱ्याच्या घरात ठेवलेली वस्तू त्याच्या मर्जीने राहते. मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांनी वर्षानुवर्षे चढवलेले संगीत नाहीसे झाल्याचे २०१९ साली उघड झाले. गुगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. अशा जागा वापरू नयेत असे मी म्हणत नाही. पण एकुलती एक प्रत तिथे ठेवू नये.

म्हणून विचार आला की हे भांडार आपल्याच घरी ठेवावे आणि घरातल्या माणसांना जगात कुठूनही ऐकता यावे. इथे दोन वाटा फुटतात. एक, घरातला जुना संगणक चोवीस तास चालू ठेवायचा. दुसरी, खास साठवणुकीसाठी मिळणारी छोटी पेटी घ्यायची. तिला नॅस म्हणतात. जाडजूड शब्दकोशाएवढी पेटी, आत दोन हार्डडिस्क, पडदा नाही, कळफलक नाही. राउटरला एक वायर जोडायची आणि मोबाइलवरून तिचा कारभार पाहायचा. खरे तर तीही संगणकच आहे, पण एकाच कामाला बांधून घेतलेला.

आता हिशेब. तासाभराची कॅसेट सीडीच्या दर्जाने संगणकात घेतली तर सुमारे ६३५ एमबी जागा लागते. सव्वाशे तासांचे झाले साधारण ८० जीबी. तेच आटोपशीर एमपीथ्री केले तर सात-सव्वासात जीबी. मूळ प्रत मोठी ठेवावी आणि ऐकण्यासाठी छोटी. व्हिडिओ फिती धरल्या तरी आमचा सारा संसार दोन-तीनशे जीबीत मावतो. म्हणजे जागेची अडचण कुणालाच नाही. जुना संगणकही पुरतो आणि सर्वांत लहान पेटीही पुरते.

फरक पडतो तो विजेत. पडदा बंद ठेवूनही साधा संगणक ६० वॉट खात असेल, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट होतात. पेटी १५ वॉटवर चालत असेल तर १३१. युनिटला ८ ते १० रुपये धरले, तर वर्षाला तीन-चार हजारांचा फरक. संगणक जुना म्हणून फुकटात पडला असे वाटते, पण तो दरमहा बिलातून आपली किंमत वसूल करतो. वीज गेल्यावर छोट्या यूपीएसवर पेटी संगणकापेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरते, हाही आपल्याकडे लहान मुद्दा नाही.

मग संगणकाची बाजू कुठे वरचढ आहे? एक तर ध्वनिमुद्रण उतरवून घेण्यात. टेपमधून वायर काढून संगणकात घालायची, ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत आवाज घ्यायचा, खरखर कमी करायची. सव्वाशे तासांच्या फिती उतरवायला सव्वाशे तासच लागतात, त्याला आडवाट नाही. हे काम संगणकाचे.

दुसरी बाजू व्हिडिओची. वेगवेगळ्या काळातल्या चित्रफिती वेगवेगळ्या भाषा बोलतात, आणि समोरचा मोबाइल किंवा टीव्ही त्यांतली एखादीच समजतो. मग मधे दुभाषा लागतो. चित्र चालू असतानाच ते दुसऱ्या रूपात बदलून पाठवणे हे अंगमेहनतीचे काम आहे आणि स्वस्त पेटीचा प्रोसेसर तिथे धापा टाकतो. संगणक ते सहज करतो. हल्ली मधला मार्गही आहे. २०२३ साली आलेल्या इंटेलच्या एन१०० जातीच्या प्रोसेसरवर चालणारे डबीएवढे संगणक कमी विजेत हे काम करतात. ज्यांच्याकडे व्हिडिओ भरपूर आहे, त्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. आवाजाला मात्र दुभाषा लागत नाही. एमपीथ्री कुठल्याही मोबाइलवर वाजते.

बाहेरून ऐकायचे तर घरातून बाहेर जाणारा वेग पाहावा लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा आत येणारा वेग. आपल्याला हवा तो दुसरा, ज्याला अपलोड म्हणतात. बोलण्या-गाण्याच्या एमपीथ्रीला सेकंदाला १२८ किलोबिट पुरतात. पाच जण एकदम ऐकायला बसले तरी एक मेगाबिटच्या आत काम भागते. स्वच्छ व्हिडिओला मात्र एकेका प्रेक्षकामागे पाच ते आठ मेगाबिट लागू शकतात.

आता सर्वांत अवघड गाठ. दोह्यातल्या मुलीच्या मोबाइलला मिरजेतली पेटी सापडणार कशी? इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. जुन्या वाड्याची कल्पना करा. वाड्याचा पत्ता एक, आत चाळीस बिऱ्हाडे. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून आलेला पाहुणा दिंडीशी अडतो, कारण कुठल्या खोलीत जायचे हे त्याला कुणी सांगत नाही. राउटरमध्ये हवी ती खटपट करा, पाहुणा आत येत नाही.

यावर तीन उपाय आहेत. कंपनीला जादा पैसे देऊन स्वतंत्र कायमचा पत्ता घ्यायचा. किंवा पेटी बनवणाऱ्या कंपनीची जोडसेवा वापरायची, म्हणजे मधल्या माणसाच्या हातून निरोप. किंवा घरच्या सर्व यंत्रांत टेलस्केलसारखी खासगी जोडणी बसवायची. तीत दोन्ही टोके आपापल्या दारातून बाहेर येतात आणि अधेमधे भेटतात. त्यांचे बोलणे तिसऱ्याला कळत नाही आणि रस्त्यावर दार उघडे टाकावे लागत नाही. घरगुती वापराला ती मोफतही मिळते. पेटी असो वा संगणक, पहिला आणि तिसरा उपाय दोन्हीकडे सारखेच लागू पडतात; दुसरा मात्र पेटीपुरताच.

उघड्या दाराचे सांगतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरातले विंडोज संगणक ओलीस धरले. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकरने क्यूनॅप कंपनीच्या घरगुती पेट्यांतल्या फायलींना कुलपे घालून पैसे मागितले. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्या बाहेरून कुणीतरी पुसून टाकल्या. त्यांना २०१५ नंतर नवी दुरुस्ती मिळालेली नव्हती. तेव्हा पेटी सुरक्षित आणि संगणक असुरक्षित, असे काही नाही. विचारायचे ते हे, की यंत्राला दुरुस्त्या अजून मिळतात का, आणि ते थेट रस्त्यावर उभे आहे का. जुन्या संगणकावर विंडोज १० असेल तर त्याचा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानात असू द्या. त्यावर लिनक्स बसवता येते, पण बसवणारा आणि पुढे पाहणारा माणूस हवा.

प्रणालींचेही तसेच. घरातले भांडार नीट मांडून दाखवणारी प्लेक्स ही प्रणाली बरीच लोकप्रिय आहे. घराबाहेरून व्हिडिओ पाहायला तिने २०२५ च्या एप्रिलअखेरपासून पैसे लावले. जेलीफिन ही तशीच पण मोफत आणि खुली. ती अनेक पेट्यांवरही चालते आणि संगणकावरही.

पेटीत दोन डिस्क असतात आणि एकीवरचे दुसरीवर आपोआप उतरते, म्हणून लोक निर्धास्त होतात. ही योजना एक डिस्क बिघडली तर तारते. पण नातवाने फाइल पुसली तर ती दोन्हीकडे एकाच क्षणी पुसली जाते. चोर आला तर पेटीच नेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. ओसरल्यावर गच्च्यांवर लग्नाचे अल्बम वाळत घातलेले आम्ही पाहिले. पाणी कपाट बघत नाही आणि पेटीही बघत नाही. जाणकार सांगतात, प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. पैसे मोजकेच असतील तर मी म्हणेन, भारी पेटी घेऊ नका. साधी घ्या आणि उरलेल्या पैशात एक बाहेरची डिस्क घेऊन बहिणीच्या घरी ठेवा.

आम्ही काय ठरवले? ध्वनिमुद्रण उतरवायला जुना संगणक, तो कामापुरता चालू. साठवायला आणि ऐकवायला दोन डिस्कची लहान पेटी, कारण आमचे भांडार मुख्यतः आवाजाचे आहे. बाहेरून यायला खासगी जोडणी. तिसरी प्रत पुण्याला, वर्षातून दोनदा ताजी करायची. पेटीत प्रत्येकाच्या नावाचे खाते आहे. हळदीच्या गाण्यांचा कप्पा कुणाला उघडायचा, हे मावशीला विचारून बहिणीने ठरवले. कविसंमेलनांतल्या दिवंगत मित्रांचे आवाज त्यांच्या मुलांना विचारून त्यांच्या त्यांच्या घरी पोचते करतो आहे.

ज्या घरात हौशी, जाणता मुलगा आहे आणि व्हिडिओ पुष्कळ आहे, तिथे संगणकच बरा. तो वाढवता येतो, दुरुस्त करता येतो, एखादा भाग गेला तर चौकातल्या दुकानात मिळतो. ज्या घरात साठी ओलांडलेले दोघेच राहतात आणि मुले सुटीला येतात, तिथे पेटी बरी. ती फारसे काही मागत नाही.

यंत्राइतकीच महत्त्वाची एक वही आहे. पेटीचा पासवर्ड, कुठली फाइल कशाची, कॅसेटवर कोण गाते आहे, साल कुठले, लग्न कुणाचे, हे सारे त्या वहीत लिहून ती घराच्या कागदपत्रांत ठेवायची. उद्या मी नसेन तर पासवर्डविना ती पेटी म्हणजे आतून कडी लावलेली खोली. आणि नावाशिवायचा आवाज म्हणजे पाटी नसलेली कबर. आत कुणीतरी आपले आहे एवढेच कळते.

तरीही, मित्रहो, पेटी की संगणक या चर्चेत वर्ष घालवू नका. यंत्र पुढच्या महिन्यातही मिळेल. फितीला बुरशी चढते ती दर पावसाळ्यात, आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर दिवसेंदिवस दुर्मिळ होतो आहे. आधी घरातली सर्वांत जुनी कॅसेट काढा. टेपचे हेड स्पिरिटने पुसा, फीत एकदा पुढे-मागे फिरवून घ्या आणि उतरवायला लागा. ऐकताना जवळ वडीलधारे कुणी असेल तर त्यांना बसवून घ्या. हा आवाज कुणाचा, हे फक्त तेच सांगू शकतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठल्याही पेटीत निघत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)