आपली वाट आराखड्यात कशी जाईल

आज आपण रस्त्याबद्दल बोलणार आहोत. खड्ड्यांबद्दल नाही, खड्ड्यांबद्दल चावडीवर रोज बोलणं होतं. रस्ता कुठून निघून कुठे जायचा, हे कुणीतरी वीस वर्षं आधी कागदावर ठरवतं. त्या कागदाबद्दल बोलू.

हो, वीस वर्षं. 1943 साली देशभरातले मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले होते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, गावचे रस्ते ही प्रतवारी तिथे ठरली. शेतीच्या चांगल्या मुलखात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असंही त्यांनी ठरवलं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. अभियंत्यांना ते जवळ वाटलं असेल. डोक्यावर भाजीची पाटी आणि कडेवर पोर असलेल्या बाईला विचारायची तेव्हा रीत नव्हती. पुढे वीस-वीस वर्षांचे आराखडे चालूच राहिले. आपल्या राज्याने 2001 ते 2021 अशी रस्ते विकास योजना केली.

याचा आपल्याशी संबंध काय? संबंध नंबराचा आहे. आराखड्यातल्या रस्त्याला नंबर असतो. ग्रामीण मार्ग अमुक, इतर जिल्हा मार्ग तमुक. हे दोन्ही जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आपण निवेदन घेऊन गेलो की साहेब पहिला प्रश्न विचारतात, "रस्त्याचा नंबर काय?" नंबर नसला की आपल्या पायाखालची वाट त्यांच्या लेखी नसतेच.

आमच्या गटातल्या बायकांनी एकदा आठ दिवस लिहून ठेवलं, कोण कुठे गेली आणि कशाला. दळणाला, रेशनला, बँकेत, लसीकरणाला, माहेरी, बाजाराला, मुलीला शाळेत सोडायला. घरातल्या पुरुषांनाही तेच लिहायला सांगितलं. त्यांचं सोपं निघालं. सकाळी तालुक्याला, संध्याकाळी परत, एकच रेघ. बायकांच्या रेघांचं जाळं झालं. एकाच फेरीत तीन कामं, आणि त्यातली दोन तालुक्याच्या उलट दिशेला. आमचा आठवडी बाजार ओढ्यापलीकडे शेजारच्या तालुक्यात भरतो. जवळचं आरोग्य केंद्रही तिकडेच. तिकडे जाणाऱ्या वाटेला नंबर नाही, ओढ्यावर फरशी नाही. पावसाळ्यात दिवस भरलेल्या बाईला घेऊन मोठा वळसा घालावा लागतो, नाहीतर खांद्यावरून न्यावं लागतं.

हे कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. रस्त्याची मागणी तालुक्यातून वर जाते, म्हणून रस्ताही तालुक्याच्या गावाकडे तोंड करून बसतो. ऊस, दूध आणि कचेरीची कामं तिकडे जातात, ती करणारे सभेत बोलतात. कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन उलट दिशेला जाणारी बाई सभेत नसते. मग तिची रेघ नकाशावर कोण ओढणार?

आता नियम काय म्हणतात ते ऐका. नियम आपल्या बाजूचेही आहेत.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. सपाटीला 500 आणि डोंगरी, आदिवासी भागात 250 लोकवस्ती असलेल्या, बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्या जोडायच्या, हा तिचा पहिला हेतू. लोकवस्ती मोजायची कागदावरून. 2024 साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला आहे. म्हणून आपली वाडी जनगणनेत स्वतंत्र धरली आहे की मूळ गावात मिसळली आहे, हे आधी बघा. तिसऱ्या टप्प्यात, 2019 साली, विचार थोडा बदलला. शेतीमालाचा बाजार, हायस्कूल आणि दवाखाना यांना जोडणारे रस्ते सुधारायचे ठरले. वाटेवर अशा सोयी जास्त, तर रस्त्याला गुण जास्त. आमच्या बायकांनी वहीत लिहिलं होतं तेच हे, बाजार, शाळा, दवाखाना. फक्त आपली वही त्या टेबलापर्यंत पोचायला हवी.

याच योजनेत आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी बायकांना माहीत असते. रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल करण्याआधी अभियंत्याने गावकऱ्यांना घेऊन रस्त्याच्या आखणीवरून पायी चालायचं असतं. सोबत सरपंच किंवा पंच, तलाठी, पंचायतीतल्या महिला सदस्य आणि महिला बचत गटांच्या प्रतिनिधी असाव्यात, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. म्हणजे आपण! पाणी कुठे साचतं, मोरी कुठे हवी, कुठलं वळण अंधारं आहे, बायका एसटीची वाट बघत कुठे उभ्या राहतात, हे त्या फेरीत सांगायचं. फेरीचा वृत्तांत अहवालाला जोडावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ही फेरी जीपमधून होते, किंवा सह्यांपुरती होते. म्हणून तारीख आधी विचारून ठेवा आणि चालायला जा. चार-पाच जणी तरी जा. एकटीचं बोलणं वाऱ्यावर जातं.

आता जमिनीचा अवघड प्रश्न. या योजनेत केंद्राकडून जमीन घ्यायला पैसे मिळत नाहीत. जमीन राज्य सरकारने किंवा जिल्हा परिषदेने उपलब्ध करून द्यायची. रस्ता सगळ्यांना हवा असतो, पण बांध कुणाचा फुटायचा इथे गाडी अडते. आणि बहुतेक वेळा रेघ सरकते ती ज्याचं बोलणं कमी चालतं त्याच्या शेताकडे. विधवा बाई, एक एकरवाली, जिचा मुलगा पुण्याला कामाला आहे. तिला म्हणतात, "काकू, गावासाठी द्या, चार गुंठ्यांनी काय होतंय." मोठ्या बागाईतदाराच्या कोपऱ्याला मात्र वळसा घालतात. आमचं मत स्पष्ट आहे. बायकांचा रस्ता दुसऱ्या बाईच्या सातबाऱ्यावरून फुकट जायचा नाही. फेरीच्या दिवशी कुणाची किती जमीन जाते ते मोठ्याने वाचायला लावा. आखणी दोन्ही बाजूंना सारखी सरकवता येते का, ते विचारा. जिची जमीन जाते ती हजर नसेल तर त्या तुकड्याचा निर्णय त्या दिवशी होऊ देऊ नका. यामुळे काम लांबेल, अशी ओरड होईल. होऊ दे. आम्ही इतकी वर्षं ओढ्यातून चाललो, अजून एक महिना चालू.

मागणी करायची जागा म्हणजे ग्रामसभा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं कायद्यात आहे. ती कागदावरच होत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे नोटीस मागा. गावाच्या विकास आराखड्यात रस्त्याचं नाव घालताना "रस्ता करावा" एवढंच लिहू नका. कुठून, कुठपर्यंत, अंदाजे किती लांब, मध्ये ओढे किती, त्यावरून कुठली शाळा आणि कुठला दवाखाना गाठता येतो, हे लिहा. वाटेला नंबर नसेल तर तिला ग्रामीण मार्ग म्हणून आराखड्यात घ्यावं, हा वेगळा ठराव करा. रस्ता दुसऱ्या तालुक्यात जात असेल तर पलीकडच्या गावच्या बायकांनाही तोच ठराव तिकडे करायला सांगा. आम्ही तसंच केलं. आमच्या गटातल्या दोघींचं माहेर तिथलंच, त्याचा फार उपयोग झाला.

वर जिल्हा नियोजन समिती असते. तिच्यातले पाचांपैकी चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून येतात. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा तुमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्य ताईंना नुसतं हळदीकुंकवाला बोलावू नका, वही दाखवायला बोलावा. 3054, 5054 असे आकडे कानावर पडतील. घाबरू नका, ती रस्ते-पुलांच्या खर्चाची खाती आहेत.

एसटीचंही यातच येतं. मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण गाडीच येत नसेल तर अर्धं काय आणि पूर्ण काय. आगारात गाडी मागितली की ते रस्त्याची रुंदी आणि पूल बघतात. म्हणून ठरावात फरशी बसची गाडी जाईल एवढी रुंद लिहा. मोटरसायकलपुरती लिहिलीत तर तेवढीच होईल.

आणि ठराव झाला की त्याच आठवड्यात सही-शिक्क्याची नक्कल घ्या. एक प्रत पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात द्या, पोच घ्या. दुसरी गटाच्या पेटीत, कर्जाच्या कागदांबरोबर ठेवा. सरपंच बदलतील, साहेब बदलतील. त्यांना दाखवायला ती लागेल.