घरांत सांगितलेल्या गोष्टी
(गांवच्या पालकसभेंत एका शिक्षकांनीं केलेलें भाषण)



हजेरीविषयीं आम्ही बोलूं असें आपणांस वाटलें असेल. तें आज राहूं द्या. रात्रीं जेवणें झाल्यावर आपल्या घरांत ज्या जुन्या गोष्टी निघतात, त्यांविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे. पोर शाळेंत पाटी कोरी घेऊन येतें, मन कोरें घेऊन येत नाहीं.

मागें आम्हीं वरच्या वर्गास विचारलें, "तुमच्या खापरपणज्याचें काय ऐकलें आहे?" एक म्हणाला, आमची पाटिलकी होती. वंशपरंपरेची पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें संपली, तिला किती वर्षें लोटलीं! तरी सांगतांना पोराची मान ताठ झाली. मग विचारलें, मोठा होऊन काय करशील? "बघूं." दुकान घालशील? सुतारकी शिकशील? तर म्हणे, आमच्यांत तसलें करीत नाहींत. वतन गेलें, रुबाब तेवढा पोराच्या वांट्यास आला. आणि रुबाबावर भाकरी भाजत नाहीं.

दुसरा एक मुलगा कांहींच बोलेना. त्याच्या वडिलांच्या आज्यास शाळेच्या पायरीखालीं बसवीत. ती गोष्ट त्या घरांत कोणी काढीत नाहीं. लाज वाटावयास हवी ती बसविणाराच्या वंशजांस. पण मान खालीं घालतो तो हा पोरगा, आणि वर्गांत जागा मोकळी असली तरी मागेंच बसतो. न सांगितलेली गोष्टहि पोरास कळते, मंडळी.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. वर्गांतील दोघांनीं एकच गोष्ट सांगितली: वडिलांचा पणजा सावकाराच्या कागदावर आंगठा करून आला आणि विहिरीचें शेत गेलें. अशीं घरें आपल्या मुलखांत थोडींथोडकीं नव्हतीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें गांवीं रयत सावकारांवर उठली आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. लोकांनीं मुख्यतः मागितले ते रोखे. हातीं येतांच ते जाळले. पुढें सरकारनें चौकशी नेमली व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. परंतु ज्या हातांनीं ते रोखे जाळले, त्यांतल्या बहुतेकांस ते वाचतां येत नव्हते.

या दोन घरांपैकीं पहिल्या घरांत गोष्ट संपते ती अशी: "कागदानें आपला घात केला. कागदाच्या वाटेस जाऊं नये. सही आली कीं पुरे." दुसऱ्या घरांत म्हातारी आजी शेवटीं म्हणते, "त्या दिवशीं घरांत एक जरी वाचणारा असता!" त्या आजीची नात सातबारा वाचते, सोसायटीची नोटीस वाचते, खताच्या पिशवीवरचें बारीक अक्षरहि सोडीत नाहीं. तिला वकील व्हावयाचें आहे. पहिल्या घरचा मुलगा गणितांत तिच्याहून सरस आहे. सबंध शाळेंत तसा दुसरा नाहीं. त्यास सातवीनंतर काढावयाचें ठरलें आहे.

गेलेलें शेत दोन्ही घरांत सारखेंच होतें. गोष्टीचें शेवटचें वाक्य तेवढें निराळें.

कोणी म्हणेल, बापानें ठरविलें तें ठरलें. तसें असतें तर जोतिराव फुले आम्हांस लाभले नसते. गोविंदरावांनींहि लोकांचें ऐकून त्यांस शाळेंतून काढून मळ्यांत लावलें होतें. शेजारचे गफ्फार बेग मुनशी व लेजिटसाहेब यांनीं समजूत घातली, आणि १८४१ सालीं मुलगा पुन्हां शाळेंत गेला. गोविंदरावांचा मोठेपणा हा कीं त्यांनीं आपलाच शब्द फिरविला. त्याच मुलानें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणें मांडलें कीं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, व नांगर धरण्याची लाज न बाळगणारे शिक्षक शेतकरी वर्गांतूनच तयार करावेत. आम्ही आज आपणांपुढें उभे आहों, तें त्या मागण्याच्या पुण्याईनें.

ज्यांचा मुलगा काढावयाचा आहे ते गृहस्थ या सभेंत बसले आहेत. आम्ही नांव घेत नाहीं, त्यांनींहि मान खालीं घालूं नये. ते मुलाचे वैरी नाहींत. त्यांस भय वाटतें, आणि तें भय खोट्या अनुभवाचें नाहीं. म्हणून त्यांस शाळेंत बोलावण्याऐवजीं रविवारीं सकाळीं आम्हीच त्यांच्या घरीं येतों.

तो जुना कागद अजून माजघरांतल्या पेटींत आहे, असें पोर सांगतें. तेवढा काढून ठेवावा. तो मोडींत असणार. पोरास मोडी येत नाहीं, आम्हांसहि अडखळतच येते. तरी दोघे मिळून लावूं. व्याज किती धरलें होतें, मुद्दल किती होतें, याचा हिशेब पोरानें सर्वांसमक्ष मांडावा, आणि तो ऐकावयास आजोबांनीं जवळ बसावें. मग सातवीनंतरचें बोलूं.