काट्याच्या जोडीला फीत हवी



उतारवयातील स्त्रियांच्या शरीरातील चरबीची ठेवण आणि उच्च रक्तदाब यांच्या विचारार्थ ही परिषद भरली आहे.

चरबी किती आहे याइतकेच ती कोठे साठली आहे यालाही महत्त्व आहे, हे मार्सेयचे फ्रेंच वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्ये मांडले. रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे मासिक पाळी कायमची थांबल्यावर, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पूर्वी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. त्याच वयात स्नायूही झिजत असल्याने काट्यावर वजन तेच दिसते, पण परकराची नाडी मात्र अपुरी पडू लागते. पोटातील ही चरबी इन्सुलिनचा प्रभाव मंद करते, रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या द्रव्यांच्या निर्मितीस हातभार लावते आणि मूत्रपिंडांना मीठ व पाणी धरून ठेवण्यास भाग पाडते, त्यामुळे रक्तदाब चढतो.

या ज्ञानात पुण्याचाही वाटा आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३ असूनही चरबीचे प्रमाण अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के होते, ही तुलना २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सडपातळ दिसणारी भारतीय स्त्री धोक्याबाहेर असतेच असे नाही, आणि म्हणूनच भारतीय स्त्रियांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानली जाते.

मात्र हा घेर निऱ्यांवरून किंवा नाडीच्या गाठीवरून मोजून चालत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, त्वचेलगत फीत धरावी लागते. रक्तदाबही बाईला पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवूनच मोजला पाहिजे. या दोन्ही मोजण्यांसाठी थोडा वेळ, आडोसा आणि आपुलकी लागते, आणि घरादाराच्या दुखण्यात आयुष्य घालवलेल्या स्त्रीच्या वाट्याला नेमके हेच कमी येते.

प्रत्येक आरोग्यकेंद्रात रक्तदाबमापकाशेजारी एक साधी फीत कायमची राहील, इतका ठोस निश्चय या चर्चेतून व्हावा, अशी अपेक्षा आहे.