धरणांतील रिकामी जागा

श्रावणाच्या सुमारास एखादें धरण भरल्याची वार्ता आली, कीं लोकांस जो आनंद होतो तो कांहीं निराळाच असतो. अधिकारी आणि पुढारी भिंतीवर जमतात, जलाशयास खण-नारळ अर्पण करून त्याची ओटी भरतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचें छायाचित्र झळकतें. वर्षाची ददात मिटली असें ज्याला त्याला वाटतें, आणि तें खोटेंहि नसतें. तथापि धरण ही वस्तु दोन अगदीं भिन्न कामांसाठीं बांधली जाते, आणि त्यांपैकीं एका कामाच्या दृष्टीनें भरलेलें धरण हें निकामी झालेलें धरण होय, ही गोष्ट या आनंदांत सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. पाणी पुरविणारें धरण भरलेलें असावें लागतें. पूर अडविणारें धरण रिकामें असावें लागतें. एकाच भिंतीकडून हीं दोन्ही कामें करून घ्यावयाचीं म्हटलें, कीं एका घरांत दोन कर्ते नांदावेत तसा प्रकार होतो. मुठेकांठच्या पुण्यानें आणि मुसीकांठच्या हैदराबादनें हा तंटा फार जवळून पाहिला आहे. आणि या दोन नद्यांस जोडणारा एक इंजिनिअरहि होऊन गेला.

मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे मूळचे म्हैसूर संस्थानांतले. परंतु त्यांचें स्थापत्यविद्येचें शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजांत झालें, आणि १८८४ मध्यें ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत लागले ते नाशकास. पुण्याजवळचें खडकवासल्याचें दगडी धरण त्यांच्या आधींचें. फाइफ नांवाच्या लष्करी इंजिनिअरच्या योजनेवरून तें १८८० च्या सुमारास पुरें झालें होतें. शहर, छावणी आणि कालव्याखालचीं शेतें या तिघांचीहि मागणी वाढूं लागली, तेव्हां तेथें अधिक पाणी कसें साठवावें हा प्रश्न उभा राहिला. सांडव्याची पातळी कायमची वर उचलावी, तर मोठ्या पुरांत पाण्याला वाट अपुरी पडून मुख्य भिंतीवरच संकट यावयाचें. विश्वेश्वरय्यांनीं १९०३ मध्यें त्या सांडव्यावर आपोआप चालणारीं दारें बसविलीं. त्यांची युक्ति फार सोपी होती. दार तोलून धरणारें जड वजन एका हौदांत टांगलेलें असे. जलाशयाची पातळी ठरल्या रेषेवर चढली, कीं जास्तीचें पाणी त्या हौदांत शिरे, पाण्यांत बुडालेलें वजन हलकें होई, तोल मोडे आणि दार उघडे. पूर ओसरला, हौद रिता झाला, कीं वजन पुन्हां जड होऊन दार मिटे. सुमारें ८ फूट पाणी या रीतीनें अधिक धरतां येऊं लागलें, आणि पूर येतांच तें सोडूनहि देतां येऊं लागलें. रात्रीं-अपरात्रीं पाऊस कोसळत असतां पहारेकऱ्याच्या झोंपेवर शहराचे प्राण टांगून ठेवावे लागत नव्हते, हा या दारांचा खरा मोठेपणा.

१९०८ चा सप्टेंबर. आश्विनाचा आरंभ, हैदराबादेंत रमजानहि नुकताच लागलेला. पावसाळा संपत आला म्हणून लोक निर्धास्त होते. इतक्यांत मुसी आणि तिची जोडनदी इसी यांच्या पाणलोटांत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. वर्षाकाठीं सरासरीनें ३० इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या मुलखांत, शमसाबादेस अवघ्या ४८ तासांत सुमारें १९ इंच पडला. या पाणलोटाचें क्षेत्र सुमारें ८६० चौरस मैल, आणि त्यांत लहानमोठीं ७८८ तळीं. म्हणजे जवळजवळ मैलामैलाला एक. पूर्वजांनीं शेतीसाठीं बांधलेली ही मोठी संपत्ति; परंतु पावसाळ्याच्या अखेरीस तीं भरलेलींच असावयाचीं. नवें पाणी ठेवावयास त्यांत जागाच नव्हती. वरचें तळें फुटे, त्याचा लोंढा खालच्यावर आदळे, तेंहि फुटे. असें करतां करतां २२१ तळीं फुटलीं. पाऊस दोन दिवसांचा, परंतु शहरावर चालून आलें तें पावसाचें आणि तळ्यांचें, असें दुहेरी पाणी.

२८ सप्टेंबर रोजीं तें शहरांत शिरलें. पूल मोडले, नदीकांठच्या वस्त्या मुळासकट गेल्या. मृतांचा आंकडा सुमारें १५ हजार धरण्यांत येतो. अमजद हैदराबादी हे पुढें रुबायांसाठीं नांवाजलेले कवि. त्यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरांत गेलीं, ते एकटे वांचले. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारांत एक चिंचेचें झाड होतें. त्यावर दीडशेंच्या सुमारास माणसें चढून बसलीं आणि तेवढीं तरलीं. तें झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत पुढें शंभरावर वर्षें उभें राहिलें.

विश्वेश्वरय्या तेव्हां मुंबई सरकारच्या नोकरींतून मोकळे होऊन परदेशच्या प्रवासांत होते. निजाम सरकारनें त्यांस पाचारण केलें, आणि १९०९ मध्यें त्यांनीं नद्यांचा, पर्जन्याचा आणि फुटलेल्या तळ्यांचा हिशेब मांडून आपला अहवाल सादर केला. पुराच्या ऐन भरांत मुसींतून सेकंदास सुमारें सव्वाचार लक्ष घनफूट पाणी वाहत असावें, असा त्यांचा अंदाज होता. एवढें पाणी शहराच्या मधून सुखरूप जाऊं द्यावयाचें, तर कांठांवर किल्ल्यासारखे तट उभारावे लागले असते. त्यांनीं म्हटलें, तें शहरापर्यंत एकदम येऊंच देऊं नये. शहराच्या वर, मुसीवर एक व इसीवर एक असे दोन जलाशय बांधावेत आणि पुराचा माथा तेथें कापावा.

माथा कापणें म्हणजे काय, हें जुन्या वाड्यांतल्या हौदावरून समजेल. हौदाच्या तळाशीं लहानशी मोरी आहे अशी कल्पना करावी. वरून दहा घागरी एकदम ओतल्या तरी मोरींतून धार ठरलेलीच पडते. उरलेलें पाणी हौदांत थांबतें आणि सावकाश बाहेर जातें. पाणी तेवढेंच, परंतु तासाभराचा लोंढा दिवसभराचा ओघ बनतो. मात्र हें केव्हां साधतें? हौद रिकामा असला तर. तो आधींच कांठोकांठ भरला असेल, तर दहाव्या घागरीचें पाणी अंगणांत येतें. पूर अडविणाऱ्या धरणाची सारी विद्या या रिकाम्या जागेंत आहे, आणि ती राखणें हेंच त्यांतलें अवघड काम.

मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्यें पुरा झाला, इसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्यें. एकास निजामाचें नांव, दुसऱ्यास युवराजाचें. योजनाकाराचें कोणासच नाहीं, संस्थानी रिवाजच तो. नदीकांठच्या दाट वस्त्या हलवून तेथें बागा झाल्या, आणि न्यायालय, रुग्णालय यांसारख्या भव्य इमारती मुसीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. याच जलाशयांचें पाणी पुढें शहराच्या नळांस मिळालें. लोकांनीं तलावांस जीव लावला तो या नळांमुळें. पूर न येणें ही गोष्ट दिसत नाहीं; नळाचें पाणी रोज सकाळीं दिसतें.

आणि येथेंच पुढच्या घोटाळ्याचें मूळ आहे. १९९६ मध्यें आंध्र प्रदेश सरकारनें या दोन्ही जलाशयांभोंवतीं दहा किलोमीटरांच्या टापूंत कारखाने व मोठ्या वसाहती यांस मनाई करणारा १११ क्रमांकाचा हुकूम काढला. हेतु पाणी निर्मळ राहावें हा. पुढें कृष्णा आणि गोदावरी या नद्यांचें पाणी दुरून शहरांत आलें, जुन्या तलावांवरची भिस्त कमी झाली, आणि २०२२ च्या एप्रिलांत तेलंगण सरकारनें ते निर्बंध उठविण्याचा हुकूम काढला. कारण सांगितलें तें हेंच, कीं शहराला आतां या पाण्याची फारशी गरज उरली नाहीं. पाण्याची गरज उरली नसेल. परंतु हे तलाव मुळांत बांधले होते ते पाण्यासाठीं नव्हेत. पाणलोटांत फरशी, डांबर आणि छपरें वाढलीं, कीं जो पाऊस पूर्वी जमिनींत मुरे तो तडक तलावाकडे धांवतो. म्हणजे रिकामी जागा तेवढीच, आणि येणारें पाणी मात्र अधिक आणि अधिक घाईचें. शिवाय हे दोन तलाव त्यांच्या वरच्या पावसाचेच राखणदार. २०२० च्या ऑक्टोबरांत ढग खुद्द शहरावरच फुटले. हिमायतसागराचीं दारें उघडावीं लागलीं तीं लागलींच, परंतु शहरांतलींहि तळीं फुटलीं, आणि ज्या ओढ्यानाल्यांवर घरें चढलीं होतीं त्यांनीं आपली वाट पुन्हां शोधून काढली.

पुण्यास हाच धडा निराळ्या रीतीनें मिळाला. मुठेच्या खोऱ्यांतील आंबी नदीवर पानशेतचें मातीचें धरण बांधलें जात होतें. काम पुरतें आटोपण्यापूर्वींच १९६१ च्या पावसाळ्याचें पाणी त्यांत चढूं लागलें. धरण भरत होतें, परंतु हवें तेव्हां तें रिकामें करण्याची वाट धड नव्हती. पाणी काढून देणाऱ्या मोरीचें कामच अपुरें होतें. तिच्यावरचा बांध खचूं लागला. जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं. १२ जुलैच्या सकाळीं पानशेत फुटलें आणि तें सारें पाणी खालच्या खडकवासल्यावर येऊन आदळलें. ८१ वर्षें उभी असलेली दगडी भिंत त्याच दिवशीं फुटली, आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांत पाणी कोठवर चढलें होतें तें दाखविणाऱ्या खुणा जुन्या घरांतले लोक पुढें कित्येक वर्षें पाहुण्यांस दाखवीत असत. आपोआप चालणाऱ्या दारांचे कर्ते विश्वेश्वरय्या त्या वेळीं बंगळूरास हयात होते, वय शंभरीचें.

त्यानंतर दोन्ही धरणें पुन्हां बांधलीं गेलीं, वरसगांव आणि टेमघर हीं आणखी झालीं. चारहि धरणें मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. वर्तमानपत्रें ज्याला टीएमसी म्हणतात तोच हा अब्ज घनफूट. परंतु शहराच्या सर्वांत जवळचें जें खडकवासला, त्याचा वांटा दोन अब्जांहूनहि कमी. घाटमाथ्यावर मुसळधार लागली कीं तें एका रात्रींत भरतें, आणि मग आलेलें पाणी खालीं सोडण्यावांचून गत्यंतर नसतें. २५ जुलै २०२४ चें उदाहरण घ्यावें: त्या दिवशीं विसर्ग सेकंदास ३५ हजार घनफुटांपर्यंत गेला, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरींतील लोक अंधारांत पाण्यांतून बाहेर काढावे लागले. मुठेनें पूर्वी याहून पुष्कळ अधिक पाणी वाहून नेलेलें आहे. सरकारी नकाशांवर नदीकांठीं दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आंतली जमीन हीसुद्धां नदीची रिकामी जागाच होय. ती भिंतीमागची नसून भिंतीपुढची आहे, एवढाच भेद. ती भराव टाकून व्यापली, कीं धरणावरच्या इंजिनिअरचे हात तितकेच बांधले जातात.

त्या इंजिनिअरची अडचण एकदां समजून घेण्याजोगी आहे. ऑगस्टचा मध्य आहे. धरणें जवळजवळ भरलेलीं आहेत, आणि वेधशाळेनें घाटांत अतिवृष्टीचा इशारा दिला आहे. आज पाणी सोडून जागा करावी, आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला, तर उन्हाळ्यांत पुण्याच्या नळांस कपात लागते आणि दौंड-इंदापुराकडे जाणाऱ्या कालव्याचें एखादें आवर्तन बुडतें. त्याचा जाब तेथील शेतकरी विचारतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पाणी न सोडावें आणि पाऊस आला, तर दोन प्रहर रात्रीं भोंगे वाजवावे लागतात. महिन्यागणिक जलाशय किती भरावा याचें एक कोष्टक ठरलेलें असतें, त्याचा आधार मिळतो. परंतु कोष्टक सरासरीवर बांधलेलें असतें, आणि ढग सरासरीनें येत नाहींत. आतां पावसाचे अंदाज दोन-चार दिवस आधीं मिळतात, वरच्या खोऱ्यांतील पर्जन्यमापकांचे आंकडे तासातासाला हातीं येतात. मग दुपारच्या उजेडांत, लोकांस आगाऊ सांगून, थोडें थोडें पाणी सोडतां येतें. त्याच दिवशीं धरणावर ओटी भरण्यास आलेल्या मंडळींस मात्र तें पाणी वायां चाललेलें दिसतें, आणि तसें तीं बोलूनहि दाखवितात.