सिंधुदुर्गाची सहल



गेल्या माघात आपले मंडळ मालवणला गेले, त्याविषयी मी चार शब्द बोलावेत असे सेक्रेटरीबाईंनी सांगितले. सहल छान झाली हे खरेच. पण एक न आवडणारी गोष्टही सांगणार आहे, रागावू नये.

धक्क्यावरून होडीने किल्ला जवळच आहे. पण अगदी तटाशी गेले तरी दरवाजा दिसतच नाही! दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की शत्रूची फसगतच व्हावी. जंजिऱ्याचा सिद्दी हटेना, तेव्हा महाराजांनी समुद्रावर वचक बसवायला हे कुरटे बेट हेरले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मुहूर्त झाला, त्याची पूजा किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली. पायात शिसे ओतले. १६६७ साली काम पुरे. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे, आणि दरवाजाजवळच्या घुमटीत महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा. तिथे आपली बडबड आपोआप थांबली होती, आठवते ना?

मला मात्र विहिरींनीच वेड लावले. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे.

किल्ल्यात अजून काही घरे नांदती आहेत. एका वहिनींनी मला ओटीवर बसवून पाण्याचा तांब्या दिला. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा तांदूळ, तेल, औषधे सगळे आधीच भरून ठेवावे लागते, असे सांगत होत्या. मग हळूच म्हणाल्या, माणसे येतात ते बरे वाटते, पण बाटल्या विहिरीत टाकतात; आम्ही तेच पाणी पितो. मी मान वळवली तर पलीकडे माडाखाली आपल्याच फराळाच्या कागदी बशा वाऱ्याने उडत होत्या. तोंडातला घोट गिळवेना. आम्ही तिघी धावलो, निम्म्या गोळा केल्या, तोवर होडीवाल्याने हाका मारल्या. उरलेल्या तिथेच राहिल्या.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले निवडले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. विजयदुर्गही आहे, आणि यंदा आपण तिकडेच जाणार. मी जुन्या लुगड्याच्या दोन मोठ्या पिशव्या शिवल्या आहेत. एक मी धरीन. दुसरी कोण धरते, तेवढे चहाच्या आधी ठरवू या.