दोन घरांमधली मोकळी जागा

दादर स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडं चाललं, की गर्दीचा गलबला मागे पडतो आणि हिंदू कॉलनीच्या गल्ल्या लागतात. तिथल्याच एका जुन्या इमारतीत मी लहानाचा मोठा झालो. तळमजला आणि वर दोन मजले, लाकडी कठड्याचा जिना, रस्त्याकडची गॅलरी. घरं अशीच असतात, असं मला वाटे. ती अशी का बांधली, हे फार उशिरा कळलं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या दाट वस्तीत त्यानं आधी बळी घेतले. त्यातून १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. दोष कोंदट हवेला दिला जाई. निदान चुकलं, पण उपाय मात्र चांगला निघाला! ट्रस्टनं दादर-माटुंग्यात रुंद रस्ते आखले, इमारतींची उंची मर्यादित ठेवली आणि दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडायला लावली. शेजारची पारशी कॉलनी ट्रस्टमधलेच अभियंते मंचरजी जोशी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात आपल्या ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधलं, तेही हिंदू कॉलनीतच.

आमची इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. संमतीपत्रावर मीही सही केली. खोटं कशाला सांगू? छत गळतं, लिफ्ट नाही, आणि माझी म्हातारी आई वर्षभरात तीनदाच खाली उतरली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वारसा सांगून जिना चढवता येत नाही.

पण सही करताना नजर खिडकीबाहेर गेली. शेजारची इमारत आणि आमची यांच्यामध्ये एक जांभळाचं झाड आहे. लहानपणी त्याच्या सावलीत आम्ही गोट्या खेळलो. नव्या नकाशात तिथे मोटारी ठेवण्याची जागा आहे.

गॅलरीचे कठडे जपायला हवेत, हे खरंच. परंतु या वसाहतीचं खरं वास्तुशिल्प विटांत नाही, ते दोन घरांमधल्या त्या रिकाम्या जागेत आहे. पुढच्या सभेत मी एवढंच विचारणार आहे : मजले वाढवा, लिफ्टही बसवा, पण झाडापुरती तरी जागा सोडाल ना?